कानातला मळ आणि चार बुधवार

धाकट्या भावाचं कर्णबधिरतेचं दिव्यांग प्रमाणपत्र काढायला स्वावलंबन पोर्टलवरचा फॉर्म वीस मिनिटांत भरून झाला. आधार, फोटो, सही, पत्त्याचा पुरावा, संपलं. पुढे चार बुधवार गेले आणि त्यातले दोन निव्वळ कानातल्या मळापायी. म्हणून मळाबद्दलच लिहितो.

बुधवार अशासाठी की आमच्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात श्रवण तपासणी आणि प्रमाणपत्र देणारा डॉक्टरांचा दिव्यांग बोर्ड दोन्ही त्याच दिवशी. पहिल्या खेपेला अडीच तास बाकावर बसलो आणि आत गेल्यावर पाच मिनिटांत परत. ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी दुर्बीण कानात घातली नि म्हणाल्या, "दोन्हीकडे मळ ठासलाय, काढून आणा." बरोबरच होतं त्यांचं. नळी पूर्ण बुजली तर मळामुळेच तीस-चाळीस डेसिबलपर्यंत कमी ऐकू येतं. तो फरक कागदावर आला तर दिव्यांगत्वाची टक्केवारी खोटी फुगते आणि बोर्ड फाईल परत पाठवतो. मग मळ काढायला कान-नाक-घसा ओपीडीत गेलो, तर तिथले डॉक्टर बुधवारी ऑपरेशनला. ओपीडी मंगळवारी आणि शुक्रवारी. म्हणजे ज्या दिवशी कान तपासतात त्या दिवशी कान साफ होत नाही, आणि ज्या दिवशी साफ होतो त्या दिवशी तपासत नाहीत. हे कुठल्याही फलकावर लिहिलेलं नाही.

शुक्रवारी गेलो. डॉक्टरांनी हुकाने टोकरून पाहिलं. मळ दगडासारखा. थेंब लिहून दिले: दोन्ही कानांत चार-चार, दिवसातून तीनदा, पाच दिवस. थेंबांची बाटली आधी दोन मिनिटं मुठीत धरून कोमट करायची, कारण गार थेंब आत गेले की गरगरतं. कुशीवर झोपून थेंब टाकायचे, कानाच्या पाळीपुढचं टोक चार-पाच वेळा दाबायचं आणि पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मळ फुगतो आणि होतं तेवढंही ऐकू येईनासं होतं. घाबरू नका, तसंच व्हायला हवं. आम्ही मात्र घाई केली. पाच दिवस पुरते होण्याआधीच दुसऱ्या बुधवारी बोर्डासमोर हजर. मळ मऊ झालेला पण जागेवरच. परत.

कान कधी वाहत असेल किंवा पडद्याला भोक असल्याचं कुणी सांगितलं असेल, तर यातलं काहीही घरी करू नका. थेंबही नाहीत आणि पाणीही नाही. हे खरं तर आधी सांगायला हवं होतं.

एवढा मळ साचला कसा, याचं उत्तर त्याच्या कानातच होतं. मोठ्या माणसाची कानाची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटर. बाहेरचा एक तृतीयांश भाग कुर्चेचा, उरलेला हाडाचा. मळ तयार होतो तो फक्त कुर्चेच्या भागात. नळीतली कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते आणि तीच मळ बाहेर आणून टाकते. त्यामुळे साध्या माणसाला कान साफ करावाच लागत नाही. पण भाऊ दिवसभर श्रवणयंत्र लावतो. यंत्राचा मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, हे वाटेत घातलेलं बूच. मळ मोल्डला अडतो आणि रोज सकाळी मोल्ड बसवताना थोडा आणखी आत ढकलला जातो. त्यावर कापसाची काडी फिरवली की उरलेलं काम पूर्ण, आणि आमच्या घरी ती रोज फिरायची. यंत्र वापरणाऱ्याने तपासणीच्या निदान पंधरा दिवस आधी कान दाखवून घ्यावा. आमच्या दोन खेपा वाचल्या असत्या.

मंगळवारी पिचकारीने कान धुतले. पाणी अंगाच्या तापमानाचं, म्हणजे साधारण ३७ अंश लागतं. गार किंवा गरम पाण्याने आतल्या अर्धवर्तुळाकार नलिका ढवळल्या जातात आणि माणूस खुर्चीतच भोवंडतो. उजवीकडून तांबूस-काळी गुठळी निघाली, तुरीच्या दाण्यापेक्षा मोठी.

तिसरा बुधवार गेला तो मळामुळे नव्हे. श्रवण तपासणीच्या खोलीबाहेर नाव पुकारतात. तोंडाने! ज्यांना ऐकू येत नाही म्हणून ते तिथे बसलेत, त्यांनाच दाराआडून हाक मारतात. मी झेरॉक्सला गेलो होतो. भावाला हाक ऐकू गेली नाही, फाईल गठ्ठ्याच्या तळाशी गेली आणि एक वाजता खिडकी बंद. सोबत ऐकू येणारं माणूस न्या आणि त्याला बाकावरून हलू देऊ नका.

चौथ्या खेपेला तपासणी झाली. यंत्र काढूनच करतात. जेवढा बारीक आवाज लागेल, लागल्यासारखा वाटेल, तेवढ्याला बटण दाबायचं. तज्ज्ञ आवाज दहा डेसिबलने उतरवत जातात आणि ऐकू येईनासा झाला की पाचाने चढवतात. मध्येच एका कानात सूंऽऽ असा आवाज सोडतात. त्याला बटण दाबायचं नाही. एका कानाचा आवाज कवटीतून दुसऱ्या कानाला पोचतो, तो अडवायला ते असतं. आदल्या दिवशी लग्नाची वरात, डीजे असल्या ठिकाणी जाऊ नका. बटण दाबण्यात मेळ बसला नाही तर झोपवून बेरा चाचणी (आवाजाला नस आणि मेंदू देतात तो प्रतिसाद यंत्राने मोजायची) करायला सांगतात. ती आम्हाला लागली नाही.

तपासणीच्या आलेखाचा कागद हातात आला की तिथेच तपासा. उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. रेघ जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं. कानामागच्या हाडावर यंत्र ठेवून घेतलेल्या खुणाही हव्यात. त्या हेडफोनच्या रेघेला चिकटून असतील तर दोष आतल्या भागात, नसेत, आणि तो मळ काढून जाणार नाही. दोन्हींत मोठं अंतर असेल तर अडथळा नळीत, पडद्यात किंवा हातोडी-ऐरण-रिकीब या तीन हाडांत आहे. मग बोर्ड आधी उपचार करा म्हणतो. हाडाच्या खुणा नसलेला कागद घेऊन बोर्डासमोर जाऊच नका.

टक्केवारी स्वतः ताडून पाहा. ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्‌झच्या सरासरीवरून प्रत्येक कानाची टक्केवारी तक्त्यातून काढतात. मग बऱ्या कानाच्या टक्क्यांना पाचाने गुणायचं, वाईट कानाचे टक्के मिळवायचे आणि बेरजेला सहाने भागायचं. समजा, बरा कान ४२ आणि वाईट ७२. २१० अधिक ७२ म्हणजे २८२, भागिले सहा, ४७ टक्के. योजनांसाठी ४० लागतात. एक कान पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असेल, तर या हिशेबाने माणूस चाळिसाच्या जवळपासही जात नाही. आमच्या शेजारच्या बाकावरचे काका त्यावरूनच भांडत होते. २०१६च्या कायद्यातही 'ऐकण्यास त्रास'ची व्याख्या दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल अशीच आहे.

रेल्वेची सवलत डोक्यात धरून कुणी हे करत असेल तर थांबा. तिथे ऐकू न येणं आणि बोलता न येणं, दोन्ही एकत्र लागतं.

आणि एक, प्रमाणपत्राशी संबंध नसलेलं. चांगला चालणारा कान एक-दोन दिवसांत अचानक बंद झाला तर मळ असेल म्हणून थेंब टाकत बसू नका. नसेचा झटका असेल तर स्टिरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ओपीडीचा वार कुठलाही असो.

भावाचं दिव्यांग कार्ड पिवळं आलं, म्हणजे ४० ते ८० टक्क्यांमधलं. कापसाच्या काड्यांचा डबा मी टाकून दिलाय. आई अजून शोधते आहे.