आधी सावली, मग सत्कार

विज्ञानाचा जाहीर कार्यक्रम म्हटलं की आपल्याकडे २८ फेब्रुवारी. १९२८ साली रामन परिणाम याच दिवशी जाहीर झाला आणि १९८७पासून तो राष्ट्रीय विज्ञान दिन झाला. त्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरपासून उदगीरपर्यंत व्याख्यानांची रीघ लागते आणि मग वर्षभर सामसूम. शिवाय सभागृहात बसलेल्या सातवीतल्या मुलीला रामन परिणाम डोळ्यांनी दाखवता येत नाही. शून्य सावली, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर आला की उभ्या वस्तूची सावली नाहीशी होणं, दाखवता येते, पाइपाच्या एका तुकड्यावर. आणि ती आपल्या अक्षांशाची देणगी आहे. कर्कवृत्ताच्या उत्तरेला असलेल्या दिल्लीत सूर्य वर्षातून एकदाही बरोबर डोक्यावर येत नाही, मराठवाड्यात दोनदा येतो. जुलैतली संधी बहुतेकदा ढगांत जाते, म्हणून मे धरायचा.

सूर्य दक्षिणेकडून वर सरकत येतो. धाराशिवला साधारण १२ मे, लातूरला १३, नांदेडला १६, जालना आणि संभाजीनगरला १९-२०. वर्षानुसार एखादा दिवस मागे-पुढे होतो. वेळ मात्र १२ वाजताची नसते, आणि निम्मे कार्यक्रम इथेच फसतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे. आपला रेखांश त्यातून वजा करायचा, दर अंशाला ४ मिनिटं धरायची आणि मेच्या मध्याला त्यातून साडेतीन मिनिटं कमी करायची. संभाजीनगर ७५.३ अंशांवर, म्हणजे फरक ७.२, त्याची झाली जवळपास २९ मिनिटं, त्यातून साडेतीन गेली : १२:२५. याच हिशेबाने लातूरला १२:२० आणि नांदेडला १२:१७.

तारीख चुकली तर बिघडतं का? फारसं नाही. या दिवसांत सूर्य रोज उत्तरेकडे अंशाच्या पाचव्या भागाएवढा सरकतो, त्यामुळे एका दिवसाच्या फरकाने मीटरभर काठीची सावली जेमतेम ४ मिलिमीटर उरते. वेळेचं उलट आहे. एका मिनिटाच्या चुकीनेही तेवढेच ४ मिलिमीटर उरतात. म्हणजे दिवसाची चूक आणि मिनिटाची चूक सारखीच. रविवार दोन दिवसांवर असेल तर खुशाल रविवारी घ्या, पण १२:२५ सोडू नका. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक यांत दहा मिनिटं गेली की सावली पूर्वेला ४ सेंटिमीटर लांब झालेली असते आणि शंभर मुलं टळटळीत उन्हात कशासाठी आली होती ते कुणालाच सांगता येत नाही. सत्कार नंतर, सभागृहात.

संभाजीनगर शहरात एमजीएम परिसरातल्या विज्ञान केंद्रासारखी जागा आहे, तालुक्याच्या गावी शाळेचं पटांगण पुरतं. गच्ची शक्यतो नको. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. शंभराला एक एवढा उतार असला तरी मीटरभर काठी सेंटिमीटरभर कलते आणि सावली जातच नाही. प्लायवूडचा एक तुकडा जमिनीवर ठेवून त्याखाली पाचरी सारायच्या आणि गवंड्याकडची लेव्हल दोन्ही दिशांना लावून तो समपातळीत आणायचा. वस्तू म्हणून चार इंची पीव्हीसी पाइपाचा ३० सेंटिमीटरचा तुकडा उत्तम. दुकानातच काटकोनात कापून घ्या, घरी हॅकसॉने कापला की तोंड तिरकं होतं आणि पाइप कलतो. पेला किंवा तांब्या नको. वर रुंद आणि खाली निमुळत्या वस्तूची सावली बुडाभोवती राहतेच.

एक धोका आधीच सांगून ठेवायचा. पाइप पोकळ आहे आणि सूर्य नेमका त्याच्या रेषेत आहे. मुलं हमखास तो डोळ्याला लावून वर बघतात. ते कधीच होऊ द्यायचं नाही. प्रत्येक पाइपापाशी एक मोठा माणूस उभा हवा. हातात घ्यायचाच असेल तर वीतभर उंचीवर उभा धरून खाली जमिनीवर बघायचं : तिथे फक्त एक पुसट काळं कडं दिसतं आणि आत लख्ख गोल.

पावणेबाराला सगळ्यांना झाडाखाली किंवा वऱ्हांड्यात बसवा, पाण्याचे जार तिथेच ठेवा. काय होणार ते दहा मिनिटांत सांगून टाका. १२:०५ला मीटरभर काठी उभी करून सावलीच्या टोकाला खडूने पहिली खूण करायची. तेव्हा ती पश्चिमेला ८ सेंटिमीटर असते आणि दर पाच मिनिटांनी २ सेंटिमीटरने आटते. खुणा करायचं काम मुलांकडे द्या. १२:२५ला काठीच्या पायाशी काही उरत नाही आणि १२:३०ला खूण दुसऱ्या बाजूला पडते. एवढ्यासाठी उन्हात पंचवीस मिनिटं पुरतात. मग सभागृहात चाळीस मिनिटांचं व्याख्यान. आता प्रश्न आपोआप येतात, कारण प्रत्येकाने काहीतरी पाहिलेलं असतं. प्रोजेक्टरच्या भरवशावर मात्र राहू नका. मेमध्ये वीज जातेच, फळा आणि खडू हाताशी हवेत.

दोन गावांतल्या शाळा एकत्र आल्या तर याच दिवशी पृथ्वीचा घेर मोजता येतो. संभाजीनगरात सावली शून्य असते त्या दिवशी, धाराशिवला तिथल्या स्थानिक मध्यान्ही मीटरभर उंचीची सावली सुमारे ३ सेंटिमीटर असते, आणि तीही दक्षिणेला, कारण सूर्य तोवर धाराशिव ओलांडून उत्तरेला गेलेला असतो. दुपारची सावली दक्षिणेला पडलेली पाहून मोठी माणसंही थबकतात. उभी काठी आणि सूर्यकिरण यांच्यातला हा कोन १.७ अंश भरतो, म्हणजे पृथ्वीच्या ३६० अंशांपैकी तेवढाच भाग या गावांमध्ये आहे, आणि दोन्ही गावांतलं सरळ दक्षिणोत्तर अंतर आहे सुमारे १८८ किलोमीटर. रस्त्याचं अंतर धरू नका, घेर उगाच फुगतो. ३६० भागिले १.७, गुणिले १८८ : सुमारे ३९,८०० किलोमीटर. खरा घेर ४०,०००च्या आसपास आहे.

इथे २ मिलिमीटर चुकले तर घेर अडीच-तीन हजार किलोमीटरने चुकतो, आणि काठीच्या टोकाची सावली तर ९ मिलिमीटर रुंदीत धूसर असते, कारण सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. म्हणून काठी सोडून द्या. स्टँडवर बरोबर एक मीटर उंचीवर पुठ्ठा आडवा बसवा, त्याला २ मिलिमीटरचं छिद्र पाडा आणि छिद्रातून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा. आता स्टँड थोडा कलला तरी चालतं, कारण उभी रेषा ओळंब्याची आहे. ओळंबा काढला की छिद्रातून जमिनीवर सूर्याचं सेंटिमीटरभराचं गोल चित्र पडतं. त्याभोवती पेन्सिल फिरवा, मध्य काढा आणि खुणेपासूनचं अंतर मोजा.