उजवे मडगार्ड : टपटपणारा पत्रा अखेर स्थिरावला

बुधवारी रात्री उजव्या मडगार्डवरच्या ठिगळाच्या मधोमध दोन्ही अंगठे टेकवून मी जोराने दाबले आणि पत्रा जागचा हलला नाही. गेले पाच आठवडे हाच पत्रा तेलाच्या डब्याच्या बुडासारखा टपकन आत जात होता आणि हात काढताच टपकन बाहेर येत होता. मागच्या नोंदीचा शेवट मी ‘ठिगळ जोडून झाले, आता केवळ घासकाम उरले आहे’ या वाक्याने केला होता. ते वाक्य मागे घेण्यासाठी आणि मधल्या काळात काय काय घडले ते क्रमाने सांगण्यासाठी ही नोंद लिहीत आहे.

गाडी तीच, १९६८ची अँबॅसडर मार्क टू. समोरचे मडगार्ड बोल्ट काढून उतरवता येत असल्यामुळे काम ओट्यावर, दोन्ही बाजूंनी हात पोहोचेल असे करता आले, ही मोठीच सोय होती. चाकाने उडवलेला चिखल जिथे साठून राहतो, त्या चाकामागच्या खालच्या भागातला सुमारे ३०० बाय १९० मिलिमीटरचा पत्रा गंजाने पार खाल्ला होता. तो कापून टाकला आणि त्या जागी हाताने घडवलेले ठिगळ बसवायचे ठरवले.

ठिगळाची घडण मात्र चांगली झाली होती आणि त्याचे समाधान मला आजही आहे. पहिल्या खेपेस इंदूरच्या लोहामंडीत मिळालेला सीआर (थंड लाटलेला) पत्रा गेजाने बरोबर, म्हणजे २० गेज, जवळपास ०.९ मिलिमीटर जाडीचा होता. पण तो इतका कडक निघाला की वाकवला तरी उसळून परत येई आणि ओंडक्याच्या खळग्यात चौथ्या फेरीलाच त्याच्या कडेला चीर गेली. दुकानदाराने तो ‘बॉडीचाच पत्रा’ म्हणून दिला होता. त्यानंतर दुसऱ्या एका दुकानातून ईडीडी प्रतीची, म्हणजे खोल ताणून घडवण्यासाठी बनवलेल्या पत्र्याची, उरलेली कात्रणे वजनावर मिळाली आणि काम एकदम बदलले. तोच लाकडी हातोडा, तीच वाळूची पिशवी, पण पत्रा सांगितल्याबरोबर ऐकू लागला. हाताने घडवणाऱ्याने पत्रा घेताना गेज विचारण्याआधी प्रत विचारावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

आकार तपासण्यासाठी चिकटपट्ट्यांचा नमुना डाव्या मडगार्डवरून घेतला होता. खाली कागदी मास्किंग टेप आणि वर धागे असलेली पॅकिंगची टेप अशा आडव्या-उभ्या थरांनी तो बनतो आणि सोलून काढल्यावर वाकतो, पण ताणला जात नाही. तो उलटा करून, आतली बाजू बाहेर आणून ठेवला की डाव्या बाजूचा नमुना उजव्या बाजूला चालतो. जोडण्यापूर्वी माझे ठिगळ त्या नमुन्याखाली सर्वत्र एकसारखे बसत होते.

जोडकाम गॅसने केले. तांब्याचा मुलामा असलेली १.६ मिलिमीटरची तार वापरली, दर २५ मिलिमीटरवर टाका घातला, प्रत्येक टाक्यानंतर फट तपासली आणि मग एका संध्याकाळी तिन्ही बाजूंची शिलाई, म्हणजे जोडाची रेषा, सलग पूर्ण केली. सकाळी ठिगळाला हात लावला तेव्हा पत्रा टपटपत होता.

यानंतरचे तीन आठवडे मी चुकीच्या जागी काम करत राहिलो. मध्यभाग हलतो आहे, म्हणजे मध्यभागी पत्रा जास्त झाला आहे, असा सरळ निष्कर्ष काढून मी तो आकसवायला घेतला. पद्धत आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. करंगळीच्या नखाएवढा ठिपका ज्योतीने डाळिंबी लाल करायचा, तो फुगून वर आला की खाली डॉली, म्हणजे ठोक्याला आधार देणारा लोखंडी ठोकळा, धरून भोवतालून आत असे हलके ठोके घालायचे आणि लाली जाताच ओले फडके दाबायचे. तापलेल्या लोखंडाला पसरायचे असते, पण भोवतालचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही. त्यामुळे ते दबून जाडीत वाढते आणि थंड होताना मूळ मापापेक्षा लहान होते. पद्धत उत्तमच आहे आणि प्रत्येक ठिपक्यानंतर तासाभरासाठी पत्रा शांत झाल्यासारखा वाटे. दुसऱ्या दिवशी टपटप पुन्हा सुरू होई, आणि तीही आधीच्या जागी नव्हे, तर चार बोटे खाली. असे १४ ठिपके झाले. त्यानंतर पुठ्ठ्याचा आडवा नमुना लावून पाहिला, तेव्हा ठिगळाच्या मध्यभागी पुठ्ठा आणि पत्रा यांच्यामध्ये ३ मिलिमीटरची फट दिसली. मडगार्डचा उभार मी स्वतःच्या हाताने बसवून टाकला होता आणि दोष मात्र जागच्या जागी होता. त्या रात्री ठिगळ कापून नव्याने सुरुवात करण्याच्या तयारीने मी खडूने रेषासुद्धा आखल्या.

रेषा आखताना माप घेतले आणि सहज वहीत हिशेब मांडला. ३०० मिलिमीटर रुंदीच्या पत्र्याला मधोमध ६ मिलिमीटरचा उभार द्यायचा असेल, तर सपाट पत्र्यापेक्षा त्याची लांबी किती जास्त असावी लागते? उत्तर आले ०.३२ मिलिमीटर. मी तो हिशेब तीनदा तपासला. एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्यावर संपूर्ण उभार उभा आहे. दुसरीकडे, शिलाईलगतच्या पत्र्याचा केवळ २५ मिलिमीटरचा पट्टा ७०० अंशांपर्यंत तापला तर तो सुमारे पाव मिलिमीटर वाढू पाहतो; वाढायला जागा नसेल तर तितका दबतो, आणि निवताना ती तूट काही प्रमाणात कायमची राहते. म्हणजे ज्या फरकावर उभार ठरतो, त्याच मापाची तूट शिलाई प्रत्येक बोटभर अंतरावर निर्माण करत होती. खोल वाटीसारखा आकार घडवणे अवघड आणि हा सौम्य उभार सोपा, असे मी आजवर समजत होतो. आपल्या इंदूरच्या दुसऱ्या यशवंतराव होळकरांसाठी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी ज्या ड्यूसेनबर्ग एसजेवर बॉडी चढवली, तिच्या लांबलचक मडगार्डांची छायाचित्रे मी पुष्कळदा पाहिली आहेत. त्या आठवड्यात ती पुन्हा काढून पाहिली आणि त्या संथ वळणांकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

कापण्याआधी नव्या ठिगळाची तयारी म्हणून मी चिकटपट्ट्यांचा नमुना फळीवरून खाली काढला आणि केवळ त्याची स्थिती पाहावी म्हणून जोडलेल्या ठिगळावर ठेवला. जोडकामानंतर तो मी एकदाही लावून पाहिला नव्हता, हीच खरी चूक होती. शिलाईच्या संपूर्ण रेषेवर नमुना सैल पडला होता. बोटाने दाबला की त्याला घडी पडत होती, जणू दोन माप मोठा सदरा अंगात घातला आहे. नमुना सैल म्हणजे खालचा पत्रा कमी. मध्यभागी पत्रा जास्त झालेलाच नव्हता. शिलाई आखडली होती आणि चहूबाजूंनी दोरी ओढलेल्या पिशवीसारखा मधला पत्रा मोकळा पडून वर-खाली होत होता. मी आखडलेली किनार तशीच ठेवून मधला, निर्दोष पत्रा तिच्या मापाला आकसवत सुटलो होतो.

खडूच्या रेषा पुसल्या. आता आकसवायचे नव्हते, तर शिलाई पसरवायची होती. त्यासाठी आधी शिलाईचा उंचवटा दोन्ही बाजूंनी घासून जवळजवळ पत्र्याबरोबर आणला, कारण उंचवटा जाड असेल तर ठोका त्यातच जिरतो आणि लगतचा पत्रा तसाच राहतो. घासायची फ्लॅप डिस्क एका जागी टेकवून ठेवली नाही. तिथे निळा डाग पडला की आकसण्याची नवी जागा तयार झालीच. इथे गॅसच्या शिलाईचा फायदा कळला. ती मऊ असते आणि ठोके सोसते. मिगच्या, म्हणजे विजेच्या वेल्डिंगच्या, शिलाईवर पूर्वी मी असेच ठोकून तडे पाडले आहेत, त्यामुळे ठोकून घडवायच्या पत्र्यासाठी मी मिग वापरणार नाही.

डॉली म्हणून इतके दिवस रुळाचा तुकडा वापरत होतो. त्याचा माथा या वळणासाठी फारच सपाट आहे, त्यामुळे ठोका नेमक्या शिलाईखाली न बसता कडांवर विभागला जात होता. कसेरा बाजारात एका वृद्ध कारागिराकडे गोल डोक्याची लोखंडी मेख, म्हणजे ओंडक्यात रोवायची छोटी ऐरण, पाहिली होती, तिची आठवण झाली. त्यांच्या दुकानाच्या ओट्यावर मी अर्धा तास बसून त्यांचे मठारकाम, म्हणजे हलक्या ठोक्यांनी भांडे घडवणे, पाहिले. तांब्याच्या घागरीवर त्यांचा प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याच्या अर्ध्यावर पडत होता, हातोडीची उंची बदलत नव्हती आणि फिरत होती ती घागर. हात एकाच जागी होता. मी आजवर मडगार्ड स्थिर ठेवून स्वतःचा हात फिरवत आलो होतो. त्यांनी जुनी, डोके झिजलेली एक मेख मला अगदी माफक किमतीत दिली. तिचे डोके घासून, ४०० नंबरच्या कागदाने उजळून मी ती चिंचेच्या ओंडक्यात रोवली.

पुढच्या चार संध्याकाळी हेच काम चालले. मडगार्डचे टोक छताच्या कडीला दोरीने टांगले, म्हणजे त्याचे वजन हातावर येत नाही आणि शिलाईचा हवा तो भाग मेखेवर सरकवता येतो. हातोडी ३०० ग्रॅमची, तोंडाला अगदी किंचित गोलाई असलेली. शिलाई आणि तिच्या दोन्ही बाजूंचा सात-आठ मिलिमीटरचा निळसर पट्टा, एवढ्यावरच ठोके. बाहेर एकही नाही. मेख बरोबर खाली असली की ‘टण्ण’ असा स्वच्छ, भरीव आवाज येतो आणि ठोक्याच्या जागी नाण्यासारखी चमक उठते. मेख जरा सरकली की आवाज बोदा होतो आणि पत्रा खाली दबतो. दुसऱ्या संध्याकाळी मी डोळ्यांपेक्षा कानांवरच जास्त विसंबलो. प्रत्येक फेरीनंतर नमुना लावून पाहत होतो. सैलपणा आधी वरच्या कोपऱ्यातून गेला, मग उभ्या शिलाईतून, आणि तिसऱ्या संध्याकाळी मधला पत्रा आपोआप दीड मिलिमीटर वर आला. त्याला मी स्पर्शसुद्धा केला नव्हता. तो क्षण पाहण्यासाठी मी घरातल्या सर्वांना अंगणात बोलावले.

मी आकसवलेल्या १४ ठिपक्यांपैकी पाच पुन्हा पसरवावे लागले, कारण तिथे नमुना उलट ताठ आणि सैल असा एकाआड एक बसत होता. आता पुठ्ठ्याखालची फट अर्ध्या मिलिमीटरवर आली आहे. निळ्या मार्करने पत्रा रंगवून लांब कानस फिरवली की खालच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा निळा भाग शिल्लक राहतो. तेवढे खोलगट अजून उचलायचे आहे. ते डॉली बाजूला धरून, बाहेरून उंचवट्यावर ठोकत उचलता येईल. पुट्टीची गरज पडलीच तर ती कागदाच्या जाडीची असेल.

ऑनलाइन मागवलेल्या सात नगांच्या हातोड्यांच्या संचाबद्दल काही जणांनी विचारले होते. त्या हातोड्यांच्या तोंडाच्या कडा धारदार आहेत आणि त्या पत्र्यावर चंद्रकोरीसारख्या खुणा पाडतात. सियागंजातून घेतलेली साधी हातोडी तासभर घासून उजळली, तर ती त्या संपूर्ण संचापेक्षा सरस ठरते. कमानपाट्याच्या (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीच्या) तुकड्यापासून बनवलेली थापी मात्र प्रत्येकाकडे असावी. शेवटच्या फेरीत तिचा रुंद फटका खुणा न पाडता पत्रा सारखा करतो.

पुढचे काम दारांच्या खालच्या पट्ट्यांचे ठरले होते आणि शिलाई गंजाच्या वर हातभर, सपाट भागात घ्यायची होती. हे लिहिता लिहिता तो बेत मी रद्द करत आहे. सपाट पत्र्याच्या मधोमध ७०० मिलिमीटरची शिलाई म्हणजे याच संकटाला अडीचपट करून आमंत्रण देणे होय. शिलाई खालच्या घडीच्या अगदी लगत आणली, तर घडीचा ताठपणा तिला आधार देईल आणि आतून मेख किंवा डॉलीही पोहोचेल. दुसरे असे की, सलग शिलाई करून मग पसरवण्याऐवजी बोटभर जोडायचे, निवू द्यायचे, तेवढेच मठारून नमुना लावायचा आणि मगच पुढे सरकायचे, ही रीत आधी हेडलॅम्पच्या वरच्या छोट्या ठिगळावर पाहतो. तिथला उभार गोल आणि ताठ असल्याने चूक झाली तरी निभावेल. त्यासाठी डॉली धरायला दुसरा माणूस लागेल. माझा पुतण्या सुट्टीला आला आहे आणि त्याने रविवारची सकाळ कबूल केली आहे. ईडीडीची कात्रणे अजून दोन तळहात उरली आहेत. हेडलॅम्पला ती पुरतील, दारांसाठी पुन्हा लोहामंडी गाठावी लागेल.