झाकण सोललेला दह्याचा डबा

सुट्टीत सांगलीला विश्रामबागेतील घरी आले, की जर्मनीतील थंडीपेक्षा तिथल्या कचऱ्याविषयीच मला अधिक प्रश्न विचारले जातात. दह्याचा रिकामा डबा प्लास्टिक-धातूच्या वेष्टनांसाठीच्या पिवळ्या पिशवीत टाकण्यापूर्वी त्याचे ॲल्युमिनियमचे झाकण पूर्ण सोलून काढावे लागते, हे कळल्यावर आत्याने विचारले, "मग घासून-पुसूनच टाकत असशील की गं?" घासावा लागत नाही, चमच्याने निपटलेला पुरतो, झाकण चिकटलेले राहिले, तर मात्र पुढे निवड करणाऱ्या यंत्राला प्लास्टिक आणि धातू वेगळे काढता येत नाहीत.

ओला कचरा निराळा गोळा करणे तिथे 2015 पासून कायद्याने बंधनकारक आहे. काचेच्या बाटल्या पांढऱ्या, तपकिरी आणि हिरव्या अशा तीन पेट्यांत जातात, निळी बाटली हिरव्यांत खपते, परंतु फुटलेला पाण्याचा पेला यांपैकी कशातच चालत नाही, कारण त्याची काच वेगळ्या तापमानाला वितळते. खडखडाट होतो म्हणून रविवारी बाटल्या टाकायच्या नाहीत, हेही पाळावे लागते.

घंटागाडीला ओला-सुका वेगळा देणाऱ्या आणि नियमांनुसार घातक कचराही बाजूला ठेवणे अपेक्षित असलेल्या आपल्या घरांना निवडणे मुळीच नवे नाही. माझ्या लहानपणी भाजीची देठे शेजारच्या म्हशीला जात, जुन्या साड्या बोहारणीला आणि रद्दी रद्दीवाल्याला. त्याच्या काट्यावर विश्वास नसल्यामुळे बाबा गठ्ठा आधी घरच्या काट्यावर तोलून ठेवत. प्रत्येक वस्तूला दारात येणारा आणि घासाघीस करणारा कोणीतरी धनी होता. तिथे हुज्जत घालायला समोर कोणी नसते, आणि मला जड गेले ते हेच. दुकानाची पावती हाताला कागदच लागते, पण तिच्यावरील रसायनामुळे ती कागदाच्या डब्यात चालत नाही; हा निर्णय स्वयंपाकघरात एकटीने, मुकाट्याने घ्यायचा. चूक सापडली, तर सफाई कर्मचारी तो डबा न उचलता तसाच ठेवून जाऊ शकतात, आणि मग अख्ख्या इमारतीच्या नजरा बोलू लागतात.

रद्दीचे पैसे घेणाऱ्या बाबांना कचऱ्यासाठी पैसे मोजणेच मान्य नाही. उरल्यासुरल्या कचऱ्याचा डबा जेवढा मोठा, तेवढे शुल्क जास्त, अशी अनेक गावांत पद्धत असल्याचे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे निवडण्याची मजुरी आपलीच, आणि वर पैसेही आपलेच." आत्याला मात्र पाण्याच्या बाटलीवरील 25 सेंटांची अनामत पटली. दुकानातील यंत्रात रिकामी बाटली घातली, की पैशांची चिठ्ठी मिळते. फक्त बाटली चेपलेली असून तिच्यावरील खूण वाचता आली नाही, तर यंत्र ती परत करते.

"आमचा भंगारवाला चेपूनच मागतो," आत्या म्हणाली, "आणि त्याला चार रुपये वाढवून मागता तरी येतात. तुझ्या यंत्राला काय मागणार?"