वाई ते पुणे: कॉन्ट्रास्टसह पोटाच्या एमआरआयची दुसरी खेप

गेल्या महिन्यात वहिनींना पोटाच्या एमआरआयसाठी मी वाईहून पुण्याला घेऊन गेलो. पित्ताशयातल्या खड्यांसाठी केलेल्या सोनोग्राफीत त्यांच्या यकृतात सुमारे 3 सेंटीमीटरची एक गाठ दिसली होती. आमची ही दुसरी खेप होती. आधीच्या खेपेला दुसऱ्या एका केंद्रात क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा, ताजा रिपोर्ट जवळ नसल्यामुळे कॉन्ट्रास्टचे, म्हणजे चित्रात फरक उठून दिसावा म्हणून द्यायचे, इंजेक्शन देता आले नाही, श्वास नीट न धरल्यामुळे चित्रे हलली, आणि हाती आलेल्या रिपोर्टवर ‘गाठीचे स्वरूप निश्चित सांगता येत नाही’ असा शेरा होता. त्या एका ओळीने घरातल्या सगळ्यांची झोप उडाली. आम्हाला आधी कोणी चार गोष्टी सांगितल्या असत्या तर तो त्रास टळला असता, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दुपारची वेळ मिळाली असेल तर वाईहून सकाळची एसटी पुरते. खंबाटकीच्या बोगद्यातून गाडी पुण्याकडे निघाली की स्वारगेटपर्यंत फारशी दगदग नसते. या वेळचे केंद्र डेक्कनला होते; तिथे जायला स्वारगेटहून रिक्षा जवळची पडते. पण उपाशी माणसाला गर्दीत अडकवण्यापेक्षा मेट्रोने सिव्हिल कोर्टला गाडी बदलून जाणे आम्हाला सोयीचे वाटले. निघण्यापूर्वी मात्र एक काम घरीच उरकावे. वहिनींची जोडवी वर्षानुवर्षे बोटांत रुतलेली होती. साबणाचे पाणी लावून ती काढायला आदल्या रात्री पाऊण तास लागला, आणि हेच काम केंद्राच्या बाकावर बसून करावे लागले असते तर आमची वेळ हुकली असती. मंगळसूत्र, बांगड्या, केसांतल्या पिना हे सारे घरीच ठेवावे. शरीरात पेसमेकर, क्लिप किंवा कोणतेही धातूचे रोपण असेल तर ते वेळ ठरवतानाच सांगावे.

सहा तास उपाशी राहायला सांगितले होते, आणि तिथे पोहोचल्यावर तंत्रज्ञांनी वहिनींच्या हाती अननसाच्या रसाचा पेला दिला. ‘भाऊजी, उपास मोडायचा का?’ असे त्यांनी मला विचारले, तेव्हा त्याचे कारण तंत्रज्ञांनीच समजावले. पित्तनलिकांची जी चित्रे घेतात, म्हणजे एमआरसीपी, त्यांत साचलेले द्रव पांढरे शुभ्र दिसते आणि त्यासाठी इंजेक्शन लागत नाही. पण जठरातले आणि आतड्यातले पाणीही तितकेच पांढरे दिसून नलिकांना झाकते. अननसात मँगनीज असते आणि त्यामुळे या चित्रांत पोटातले द्रव काळे पडते, म्हणून नलिका स्वच्छ उठून दिसतात. घरचा एक साधा रसही कॉन्ट्रास्टचे काम करतो, याचे मला फार अप्रूप वाटले. मधुमेह असेल तर रस पिण्यापूर्वी तसे सांगावे.

मुख्य भाग इंजेक्शनचा. आपण त्याला सर्रास ‘डाय’ म्हणतो, पण तो रंग नव्हे. त्यात गॅडोलिनियम हा धातू दुसऱ्या रेणूत घट्ट बांधलेला असतो, कारण मोकळा गॅडोलिनियम विषारी आहे. हे औषध स्वतः चित्रात उमटत नाही. त्याच्यामुळे आसपासच्या पाण्यातले हायड्रोजनचे कण चुंबकीय क्षेत्रात लवकर पूर्वस्थितीला येतात आणि ती जागा उजळते. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त प्रवेशिनी शिरेतून, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून, आणि उरलेले धमनीतून मिळते, आणि सगळी मेख इथेच आहे. इंजेक्शननंतर साधारण 20 ते 35 सेकंदांत औषध धमनीतून पोहोचते, तेव्हा धमनीवर पोसलेल्या गाठी आधी उजळतात. 60 ते 70 सेकंदांच्या सुमारास शिरेतले रक्त येते आणि निरोगी यकृतही उजळू लागते. रक्तवाहिन्यांची साधी गाठ बहुधा कडेकडेने उजळत सावकाश भरत जाते; यकृताचा कर्करोग अनेकदा आधी झळकतो आणि मग सभोवतालपेक्षा काळवंडतो. म्हणजे गाठ कुठे आहे यापेक्षा ती कधी उजळते आणि कधी मावळते यावर निदान उभे असते, आणि त्या काही सेकंदांत रुग्ण हलला तर तो क्षण परत मिळत नाही.

म्हणूनच श्वासाचा सराव घरी करावा, हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. वहिनी सतरंजीवर उताण्या झोपून, श्वास सोडून 20 सेकंद तसेच थांबण्याचा सराव तीन दिवस करीत होत्या आणि मी घड्याळ धरून बसत होतो. पहिल्या दिवशी त्यांना 9 सेकंदच जमले. यंत्रात ‘श्वास घ्या, सोडा, थांबा’ अशी सूचना येते तेव्हा प्रत्येक वेळी तितकाच श्वास सोडणे महत्त्वाचे असते.

डॉक्टरांनी वहिनींसाठी गॅडोक्सेटेट हे यकृतासाठीचे औषध निवडले होते. ते नेहमीच्या कॉन्ट्रास्टपेक्षा महाग आहे. साठ किलो वजनाला ते सुमारे 6 मिलिलिटर लागते. त्यातले जवळपास निम्मे यकृताच्या पेशी शोषून पित्तात सोडतात, उरलेले मूत्रपिंडातून जाते. त्यामुळे 20 मिनिटांनी पुन्हा चित्रे घेतात आणि ज्या गाठीत यकृताच्या कार्यक्षम पेशी आहेत ती तेव्हाही उजळ राहते. इंजेक्शननंतर काहींना क्षणभर धाप लागल्यासारखे वाटते. तंत्रज्ञांनी तसे आधीच सांगितल्यामुळे वहिनी घाबरल्या नाहीत. कावीळ जास्त असेल तर पेशी औषध नीट शोषत नाहीत, म्हणून बिलिरुबिनचा रिपोर्टही सोबत ठेवावा.

मूत्रपिंडाचा विकार असेल तर काहीही लपवू नये. गंभीर विकार असलेल्या रुग्णांत त्वचा व ऊती कठीण होण्याच्या आजाराचा या औषधांशी असलेला संबंध 2006 साली समोर आला. 2017 मध्ये युरोपने शिरेतून देण्याची जुन्या रचनेची बहुतेक औषधे थांबवली, मात्र यकृताच्या तपासणीसाठी गॅडोक्सेटेट चालू ठेवले. ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता सांगणारा आकडा, 30 च्या खाली असेल, गरोदरपण असेल किंवा पूर्वी अशा इंजेक्शनने पुरळ वा धाप आली असेल, तर निर्णय डॉक्टरांचाच. सीटी स्कॅनचे आयोडीनयुक्त औषध वेगळे असते; त्याची ॲलर्जी असली तरी तीही सांगावी.

वहिनींची गाठ धमनीच्या टप्प्यात झळकली आणि 20 मिनिटांनंतरही यकृताइतकीच उजळ होती. यकृताच्याच पेशींची ती निरुपद्रवी वाढ आहे, असे रेडिओलॉजिस्टांनी लिहिले. खड्यांचे ऑपरेशन आता ठरेल. निघताना रिपोर्टबरोबर सगळ्या टप्प्यांची चित्रे असलेली सीडी आठवणीने मागून घ्यावी, कारण फिल्मवर निवडक चित्रेच छापतात आणि पुढच्या तपासणीच्या वेळी तुलनेला सगळीच लागतात.