सिंहगड व्हॅली : पक्षी झकास, वाट भिकार

"सपाट वाट आहे, लहान मुलांनाही जमेल," असं ज्याने सांगितलं, त्याला मार्चच्या उन्हात सिंहगड व्हॅलीच्या त्या ओढ्यातून दोनदा वर-खाली करायला लावलं पाहिजे.

पुण्याजवळच्या सिंहगडाच्या पायथ्याला आतकरवाडी, तिथपर्यंत काही त्रास नाही. सिंहगड पायथ्याची पीएमपी बस स्वारगेटहून मिळते, पण पक्ष्यांसाठी उजाडता उजाडता पोचायचं तर स्वतःची गाडी बरी. गाडी लावायचे पन्नास रुपये गेले, पावती मागितली तर "संपली". द्या आणि चालायला लागा. त्या वेळी वाद घालणं पन्नास रुपयांपेक्षा महाग पडतं.

गडाची पायवाट सोडून ओढ्याकडे वळलं की थोडा वेळ मजेत जातो. मग तो उतार येतो. मुरमाचा घसारा, त्यावर सागाच्या वाळक्या पानांचा थर. पान सरकतं, पानाखालचा मुरूम सरकतो, पाठोपाठ आपण. आधाराला हात जातो तो बाजूच्या वेलीवर, आणि वेल निघते खाजकुयलीची! मार्चात तिच्या शेंगा वाळलेल्या असतात, त्यांची लव नुसत्या वाऱ्यानेही उडते. माझ्या मित्राने एक घोस मुठीत धरला आणि पुढे तासभर त्याने एकही पक्षी पाहिला नाही. चोळू नका, चोळलं की लव आणखी पसरते. चिकटपट्टी लावून ओढली तेव्हा कुठे जरा निभावलं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात काठी आणि पकड असलेले बूट हवेतच. नसतील तर सरळ पुण्यातल्या पाषाण तलावावर जा, तिथेही पक्षी आहेत. उतरताना जे घसरतं ते चढताना दुप्पट छळतं, हेही कुणी सांगत नाही.

वसंत म्हणून रानफुलांचे गालिचे शोधायला येत असाल तर येऊ नका. गालिचे पावसाळ्याच्या शेवटी, कासच्या पठारावर. इथे या दिवसांत फूल बघायचं म्हणजे मान वर करायची : पळस, पांगारा, पान नसलेल्या फांद्यांवर केशरी पेटलेली कौशी. खाली बघायचं ते धायटीच्या लाल झुडपांकडे आणि करवंदीच्या पांढऱ्या, वासाच्या फुलांकडे. पक्ष्यांमागे धावण्यापेक्षा फुललेला पांगारा गाठा आणि गप्प उभे राहा. भोरड्या, शिंजीर, कोतवाल, टोईपोपट सगळे तिथेच येतात. कुटुर्गा दिसला नाही तरी ऐकू येतो, तोही सतत.

आणि स्वर्गीय नर्तक! पांढराशुभ्र नर, ती लांब शेपटी झुलवत डबक्यावर आला, बुडी मारून परत फांदीवर. तेवढ्यासाठी घसारा माफ. (तांबूस दिसला तर मादीच असं समजू नका, तरुण नरही तांबूस असतो.) कॅमेरेवाले डबक्याला चिकटून बसतात, त्यांच्यात घुसू नका, लांबून दुर्बीण पुरते. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणारा दिसला तर मात्र तोंडावर टोका.

साडेनऊनंतर पक्षी आवरतं घेतात, तुम्हीही घ्या. ओढ्यातल्या डबक्यांचं पाणी पिण्याजोगं नाही, माणशी तीन लिटर न्या. बिडी-सिगरेट ओढणाऱ्याला सोबत घेऊच नका, रान वाळून कोरडंठाक झालंय, एका ठिणगीने वणवा लागेल. पिठलं-भाकरीसाठी गड चढायची गरज नाही, पायथ्याला मिळते. आणि रविवारी संध्याकाळपर्यंत रेंगाळलात तर परतताना खडकवासला धरणाच्या चौपाटीपाशी गाडी हलणार नाही, तेवढं धरून चाला.