दिव्यांआधी गिझरकडे पाहा

घरखर्चात वीज आणि पाणी वाचवायचे ठरले की बहुतेक घरांत पहिला मोर्चा दिव्यांकडे आणि मोबाइलच्या चार्जरकडे वळतो. ही सवय वाईट नाही, पण तिने बिलात पडणारा फरक इतका थोडा असतो की महिनाभर बटणे बंद करत फिरणारा माणूस शेवटी कंटाळून तो नाद सोडून देतो. 9 वॅटचा एलईडी दिवा रोज सहा तास लावला, तरी महिनाभरात तो पावणेदोन युनिटांपेक्षाही कमी वीज घेतो. 2000 वॅटचा गिझर मात्र रोज अर्धा तास तापला की महिन्याला 30 युनिटे होतात. माझे सरळ मत असे आहे की घरात जिथे उष्णता तयार होते, तिथे आधी पाहावे. प्रकाश आणि आवाज देणारी उपकरणे नंतर.

याचे कारण पाण्याच्या गुणधर्मात आहे. पाणी तापवायला फार ऊर्जा लागते. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि एका युनिटात सुमारे 860 किलोकॅलरी असतात. म्हणजे 20 लिटरची बादली 20 अंशांनी तापवायला जवळजवळ अर्धे युनिट खर्च होते, आणि तेवढ्या विजेत मोबाइल वीसएक वेळा पूर्ण चार्ज होतो. शॉवरमधून मिनिटाला नऊ लिटर पाणी येत असेल, तर दहा मिनिटांच्या अंघोळीला 90 लिटर लागतात आणि त्याच हिशेबाने दोन युनिटांहून अधिक वीज जाते. आपला शॉवर किती पाणी सोडतो हे बादली आणि घड्याळ घेऊन कोणालाही मोजता येते. ते एकदा मोजावेच.

टाकीवर पाणी चढवणाऱ्या मोटारीलाही लोक उगाच बोल लावतात. हजार लिटर पाणी 20 मीटर उंच चढवायला, मोटारीतील अपव्यय सढळ हाताने धरला तरी, साधारण पाव युनिटाच्या आतच वीज लागते. तेच हजार लिटर 20 अंशांनी तापवायचे झाले तर 23 युनिटे लागतील. म्हणून गरम पाण्याची बचत ही दोन्ही बिलांतली बचत असते, आणि थंड पाण्याची मुख्यतः पाणीपट्टीतली.

गरम पाण्याच्या नळाची एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. गिझरपासून नळापर्यंतच्या पाइपात आधीचे थंड पाणी साठलेले असते, त्यामुळे काही सेकंद हात धुण्यापुरता गरम नळ सोडला तर हाताला मिळते ते बहुतांशी थंडच पाणी. तापलेले पाणी गिझरमधून निघते, पाइपातच अडकते आणि तिथेच निवते. अशा किरकोळ कामाला थंड नळच वापरावा. अंघोळीच्या सुरुवातीला येणारे थंड पाणी बादलीत धरून ठेवले तर ते फरशी पुसायला कामी येते. साठवणीच्या गिझरचे तापमान कमाल आकड्यावर ठेवण्याची गरज नसते, कारण पाणी जितके जास्त तापलेले तितकी त्याची उष्णता भराभर निसटते. मात्र ते 60 अंशांच्या फार खाली उतरवू नये. साठलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढू शकतात.

आता गळती. ठिबकणाऱ्या नळाखाली तासभर भांडे ठेवून पाणी मोजावे. तासाला 100 मिलिलिटर जमले तर महिन्याला सुमारे 72 लिटर वाया जातात. म्हणजे वॉशर बदलावा हे खरे, पण नळ ठिबकतो म्हणून घर डोक्यावर घेण्याचे कारण नाही. खरी चोरी होते ती फ्लशच्या टाकीत, कारण तिथले पाणी आवाज न करता भांड्याच्या कडेने पातळ धारेत वाहते आणि कोणाला दिसत नाही. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला, तर एकतर तळाचे रबरी झाकण नीट बसत नाही किंवा फ्लोट (पाण्यावर तरंगून पाणी थांबवणारा गोळा) वर राहिल्याने जादा पाणी मधल्या नळीतून सतत सांडते. पहिल्या दोषाला नवे झाकण लागते. दुसऱ्याला बहुधा फ्लोट जरा खाली आणणे पुरते.

वरच्या टाकीतून पाणी येणाऱ्या घरात रात्री टाकी भरणारी झडप बंद करून पातळीवर खूण करावी आणि सकाळी कोणी नळ सोडण्याआधी ती पाहावी. पातळी उतरली असेल तर गळती घरातच आहे.

फ्रिज दिवसरात्र चालतो, म्हणून त्याच्या दाराचे रबर तपासणे फायद्याचे. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. ती सहज ओढून निघाली तर तिथून थंडावा जातो आहे असे समजावे.

नवी उपकरणे घेण्याचा विचार मी सर्वांत शेवटी करीन. 75 वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी 30 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटारीचा) पंखा रोज बारा तास फिरला, तर महिन्याला सुमारे 16 युनिटे वाचतात. तोच तासभर फिरणार असेल तर दीड युनिटही वाचत नाही. तेव्हा नवा पंखा झोपण्याच्या खोलीत लावावा आणि पाहुण्यांच्या खोलीतला जुना, तो बिघडेपर्यंत, तसाच राहू द्यावा.