जुन्या गाडीचे फ्युएल ट्रिम आणि आयफोन-अँड्रॉइडचा वाद: आतापर्यंतची नोंद

२०१४ ची पेट्रोल हॅचबॅक सेकंड हँड घेतल्यापासून तिच्या इंजिनाचे आकडे मी नियमित टिपून ठेवत आहे. सध्याच्या कामात दोन विषय एकमेकांत गुंतले आहेत. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन चालू असताना, इंजिन थरथरते, हा एक. आणि गाडीच्या संगणकातले आकडे व कोड वाचणाऱ्या ओबीडी स्कॅनरसाठी आयफोन चांगला की अँड्रॉइड, हा आपल्या मंडळींतला जुना वाद, हा दुसरा.

खरेदीच्या वेळी चेक इंजिनचा दिवा बंद होता आणि मेमरीत बिघाडाचा एकही कोड नव्हता. मात्र कोड पुसल्यानंतर गाडी किती धावली हे दाखवणारा आकडा जेमतेम ३८ किलोमीटर होता आणि कॅटॅलिस्ट (धूर स्वच्छ करणारा भाग) व ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) यांचे मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच करते त्या तपासण्या, अपूर्ण दिसत होते. रोज वापरात असल्याचे सांगितलेल्या गाडीत असे चित्र दिसणे म्हणजे स्कॅनर लावून कोड नुकतेच पुसले गेले असणे किंवा बॅटरी काढून जोडली गेली असणे. विकणाऱ्याला हे दाखवून किंमत कमी करून घेता आली. सेकंड हँड गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने कोडच्या यादीआधी हे मॉनिटर पाहावेत, असे मी आग्रहाने सांगेन, कारण कोड पुसायला काही सेकंद पुरतात, पण मॉनिटर पूर्ण व्हायला गाडी वेगवेगळ्या वेगांनी, थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत चालवावी लागते.

अपेक्षेप्रमाणे काही दिवसांत दिवा लागला आणि पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी व हवा जास्त असल्याचा कोड आला. या कोडवर अनेक गॅरेजांत थेट ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचा सल्ला मिळतो. माझ्या मते तो घाईचा आहे, कारण सेन्सर बहुतेक वेळा खरी तक्रार सांगत असतो. खरी दिशा फ्युएल ट्रिम दाखवते. ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू (इंजिनाचा संगणक) मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडत आहे, याचा तो आकडा असतो. माझ्या गाडीत आयडलिंगला शॉर्ट (तात्कालिक) आणि लाँग (दीर्घकालीन) ट्रिमची बेरीज अधिक २४ च्या आसपास होती, तर रेस वाढवून २५०० आरपीएमला धरल्यावर ती अधिक ८ पर्यंत उतरत होती. आयडलिंगला इंजिन मुळातच थोडी हवा ओढते, त्यामुळे फटीतून शिरणाऱ्या चोरट्या हवेचा वाटा मोठा दिसतो. रेस वाढली की तीच गळती एकूण हवेच्या मानाने किरकोळ ठरते. याउलट लोड वाढेल तसा ट्रिम वाढत गेला असता, तर मी आधी फ्युएल पंप आणि फिल्टरकडे वळलो असतो. हे गणित मॅफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीचे आहे, हे ध्यानात ठेवावे. केवळ मॅप सेन्सरवर (इंजिनाच्या हवेच्या वाटेतला दाब मोजणारा) चालणाऱ्या गाडीत शिरलेली हवा ईसीयूच्या हिशेबात येते आणि तिथे ट्रिमपेक्षा वाढलेली आयडलिंगच जास्त बोलकी ठरते.

स्मोक टेस्टमध्ये, म्हणजे हवेच्या वाटेत धूर सोडून गळती शोधताना, धूर पीसीव्हीच्या (इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत ओढून घेणारी व्यवस्था) रबरी पाइपाच्या खालच्या बाजूने निघाला. वरून पाइप धडधाकट दिसत होता, पण क्लॅम्पजवळ तो फुगून मऊ पडला होता. काही मित्रांनी याचे खापर पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर फोडले, ते मला पटत नाही. हा पाइप पेट्रोलच्या वाटेवर नाही. इतक्या वर्षांची उष्णता आणि ऑइलची वाफ एवढे कारण त्याला पुरेसे आहे. नाना पेठेतून पाइप आणि नवे क्लॅम्प आणून बसवले. आता आयडलिंगला अधिक ६ आणि २५०० आरपीएमला अधिक ५ असे आकडे येतात, आणि थरथर थांबली आहे.

उरलेल्या पाच-सहा टक्क्यांबाबत मात्र इथेनॉलचा विचार करावाच लागतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते आणि इथेनॉलला ९ पट. त्यामुळे ई१० (१० टक्के इथेनॉलचे पेट्रोल) साठी हे प्रमाण सुमारे १४.१ आणि ई२० (२० टक्के इथेनॉलचे) साठी सुमारे १३.५ येते. म्हणजे ई१० च्या हिशेबाने बेतलेल्या गाडीत ई२० भरल्यास ट्रिम चार-पाच टक्के वर सरकणे स्वाभाविक आहे. सगळ्या आरपीएमवर तो जवळपास सारखाच चढलेला असेल, तर गळती शोधत बसू नये.

आता फोनचा वाद. अँड्रॉइडवर गाडीच्या ओबीडी सॉकेटात बसणारा साधा ब्लूटूथ अडॅप्टर लगेच जोडला जातो. आयफोनवर ॲपलच्या एमएफआय परवान्याविना क्लासिक ब्लूटूथची सिरियल जोडणी ॲपला मिळत नाही, म्हणून वाय-फायचा किंवा ब्लूटूथ एलईचा (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचा) अडॅप्टर घ्यावा लागतो. हे आकडे दाखवणारे टॉर्क हे ॲप फक्त अँड्रॉइडवर आहे. सोयीचा फरक एवढाच. आयफोनवर आकडे संथ येतात, ही एका मित्राची तक्रार तपासण्यासाठी त्याच्या जुन्या गाडीत दोन्ही फोन लावून पाहिले, तेव्हा दोन्हींवर आकडे सारखेच रेंगाळले. त्याची गाडी के-लाइन या जुन्या जोडणीवर सेकंदाला १०,४०० बिट्सच्या वेगाने बोलते. माझी कॅन या नव्या जोडणीवर ५,००,००० बिट्सने. दोष कुठल्याच फोनचा नव्हता.

वाद घालायचाच असेल तर तो अडॅप्टरच्या चिपवर घालावा. ईएलएम३२७ ही चिप बनवणारी कॅनडातील ईएलएम इलेक्ट्रॉनिक्स २०२२ मध्ये बंद झाली. तिच्या पहिल्या आवृत्तीला कॉपीपासून संरक्षण नव्हते, त्यामुळे बाजार नकलांनी भरला. १.५ ही आवृत्ती तर कंपनीने कधी काढलीच नाही, तरी तो आकडा असंख्य अडॅप्टरांवर मिरवतो. नकली चिप साधे कोड वाचते, पण काही कमांडना उत्तरच देत नाही, आणि मग आपण गाडीवर किंवा फोनवर संशय घेतो.

पुढचे काम मॅफ सेन्सर साफ करून ट्रिम पुन्हा मोजण्याचे आहे. ई२० वर चालणारी जुनी गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलिंगचे आणि २५०० आरपीएमचे ट्रिम, गाडीचे वर्ष आणि सेन्सर मॅफ आहे की मॅप, एवढे कळवावे. माझ्या आकड्यांशी ते ताडून पाहता येतील.